कमळीच्या आजाराचं नाव

सोमवार, २० जानेवारी

डॉक्टरांनी लिहायला सांगितलंय म्हणून लिहितोय. माझी बायको कमळी किती झोपते, काय खाते, कुणाशी काय बोलते, सगळं. "तारीख घालून लिहा. आणि जे बघाल तेच लिहा, तुम्हाला काय वाटतं ते नको," म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मी सहावी पास माणूस, वाटण्याबिटण्याची आपल्याला सवय नाही. हसल्या. मी कुठेही गेलो की आधी माणूस हसवतो, मग काम काढतो. सुताच्या कांड्या भरणारा पोऱ्या होतो तेव्हापासूनची ही सवय, त्यावरच कापडाचे बारा लूम उभे केले.

डॉ. हमिदा ही तौहीदची मामेबहीण. तौहीदच्याच शेडमध्ये माझे लूम आहेत. तोच मागे लागला होता, "महादूशेठ, भाभींचं काहीतरी करा. घरात हे असं किती दिवस चालायचं?"

क्लिनिक कल्याण नाक्याजवळ, खाली मोबाईलचं दुकान. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आतलं सगळं ऐकू येत होतं. बारा लूम धडाडत असताना कुठला धोटा कच्चा पडतोय ते मी चहा पिता पिता सांगतो, तिथे प्लायवूडचं दार म्हणजे काय. आत एक बाई सांगत होती की तिचा नवरा दिवसभर हात धुतो. डॉक्टर विचारत होत्या, नाही धुतले तर काय होईल असं त्यांना वाटतं? चांगला प्रश्न विचारला. मी असतो तर साबणाचा खर्च विचारला असता.

आमचा नंबर आला तेव्हा मीच सांगितलं. कमळी परक्या माणसापुढे बोलत नाही. दर्शन आमचा एकुलता एक. वडप्याच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. नोव्हेंबरमध्ये कंटेनर मागे घेताना मध्ये सापडला. तेरावं झालं, सगळं रीतसर झालं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी लूमवर गेलो. कमळी मात्र अजून त्याचं ताट वाढते आणि त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून त्याच्याशी बोलते.

डॉक्टरांनी विचारलं, नुसतं बोलतात की समोरून उत्तरही येतं? मी म्हटलं, येतं ना. ती विचारते "जेवलास का रं," तो "हो" म्हणतो. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग मला बाहेर बसवून त्या कमळीशी एकटीशी बोलल्या. आतून फक्त डॉक्टरांचाच आवाज आला. रिक्षात मी कमळीला सांगितलं होतं, पाड्यावरचं काही काढू नको, शिकलेली बाई आहे, हसेल.

परत आत गेल्यावर मी विचारलं, आजाराचं नाव काय? म्हणाल्या, एवढ्यात नाव नाही. यात रक्त तपासून कळत नाही, फोटो काढून कळत नाही. खुणा मोजायच्या, त्या किती दिवस टिकतात ते बघायचं, आणि दुसऱ्या कशामुळे तर नाहीत ना, ते बघायचं. मी म्हटलं, म्हणजे आमचं कापड तपासतात तसं. ताका उजेडावर धरायचा, चुका मोजायच्या, जास्त निघाल्या की फ्रेश माल सेकंड ठरवायचा. पण मॅडम, इथे सेकंड ठरलेला माल दुसऱ्या बाजारात फ्रेश म्हणून जातो, तिथे ती चूक कुणी चूक धरत नाही.

त्या एकदम सरळ बसल्या. "तेच मला विचारायचंय. तुमच्या लोकांत गेलेल्या माणसाशी असं बोलतात का? काही दिवस, काही महिने? तसं असेल तर मी हे आजारात धरणार नाही."

मी म्हटलं, "नाही मॅडम. आमच्यात असलं काही नाही."

पाड्यावर करतात. पण पाडा सोडून आम्हाला वीस-बावीस वर्षं झाली. कामतघरला वन बीएचके आहे, दारावर पितळी पाटी आहे. आता कुठे तिथे परत जाता.

रात्री घ्यायची एक गोळी दिलीय. नसलेला आवाज ऐकू येणं ही सायकोसिसची खूण असू शकेल, म्हणाल्या, पण शक्यता म्हणूनच.


मंगळवार, २१ जानेवारी

कमळी: रात्रभर झोप. सकाळी चहा, चपाती. दुपारी भात-आमटी. ताट वाढलं. "आज तुझ्या आवडीची सुकट हाय," असं दाराशी बोलली. नंतर ताट गच्चीवर नेऊन कावळ्यांना घातलं.

मी पहाटेच उठतो सध्या. बरंच आहे. शेडवर सगळ्यांच्या आधी पोचतो.


शुक्रवार, २४ जानेवारी

शुक्रवार, लूम बंद. पूर्वी शुक्रवारी मी मासे आणायला स्वतः जायचो, बाजारात चार माणसांशी घासाघीस करायचो, दोघांना शिव्या द्यायचो, बरं वाटायचं. आज कॉटवर बसलो होतो तो तसाच दुपारपर्यंत. आराम केला.

कमळीचा भाऊ सावळ्या आला, अंबाडीच्या पाड्यावरून, हातात रानभाजीची पिशवी. पायातल्या चपला बाहेर काढताना पाटीकडे बघून म्हणाला, "दाजी, पाटी रोज पुसतोस की काय? तोंड दिसतंय माझं."

"दिसतंय ना? मग दाढी कर."

हसला. कमळीला म्हणाला, "बाय, कशी हायेस?" ती म्हणाली, "झोप येते रं सारखी." त्याने गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि ठेवलं.

मग मुद्द्यावर आला. "दाजी, पोराचा दिवस कवा घालतोस?"

"तेरावं झालंय. भटजी होता, अडीचशे माणूस जेवलं."

"माणसं जेवली. पोरगा कुठं बसवला तुझ्या भटानं? भगताला इचारलं आम्ही. वाडवडलांत न्हाय तो. बाहेरच उभा हाय. दिवस घातल्याबगर त्याला आत कोण घेईल?"

मी म्हटलं, सावळ्या, कमळीला आजार आहे, डॉक्टरकडे दाखवलंय, डोक्यात आणखी काही भरू नको.

"आजार? काय आजार?"

"आहे. ती त्याच्याशी बोलते."

"मग कोणाशी बोलंल? दिवस होईस्तोवर आईच बोलते. तुझा बा गेला तवा तुझी आई दोन वरसं बोलत होती, पैसं जमंपर्यंत. तुला काय आठवत न्हाय?"

आठवतं. आई उखळापाशी बसून बाला पावसाचं सांगायची, शेळी व्याली ते सांगायची. पण ती अडाणी होती. आणि बा काही उत्तर द्यायचा नाही.

चहा घेऊन गेला. रानभाजी कमळीने केली. मला तिची काही चव लागली नाही, मीठ कमी असेल. कमळीला विचारलं तर म्हणाली, बरोबर हाय.


सोमवार, ३ फेब्रुवारी

क्लिनिक. कमळीचं: झोप भरपूर, खाणं कमी, ताट चालू, बोलणं चालू.

डॉक्टरांनी विचारलं, उत्तर अजून येतं का? मी म्हटलं, येतं, काल संध्याकाळी पण आलं. कमळी खाली फरशीकडे बघत होती. तिला विचारलं, ताई, खरं आहे का? तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. डोस वाढवला.

मी परत नाव विचारलं. माणसाला नाव कळलं की निम्मं काम होतं. म्हणाल्या, नावाची घाई करू नका, जवळजवळची नावं खूप आहेत. दु:ख हे आजार नाही, पण त्यातून डिप्रेशन होऊ शकतं. त्याच्या खुणा वेगळ्या. मी म्हटलं सांगा, मी नजर ठेवीन. त्यांनी सांगितल्या, मी ऐकून लक्षात ठेवल्या. ऐकलेलं मी विसरत नाही. झोप उडते किंवा पहाटेच मोडते. भूक जाते, चव जाते, वजन उतरतं. ज्या गोष्टींत रस होता त्यांत राहत नाही. लक्ष लागत नाही. हालचाल मंदावते. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं. जगून काय करायचं असं मनात येतं. यातल्या बऱ्याचशा असल्या आणि दोन आठवडे रोज टिकल्या तर त्या नाव देतात.

घरी येऊन एकेक ताडून बघितलं. कमळीला यातलं जवळपास काहीच नाही. ती तर घोरत झोपते. तेव्हा डिप्रेशन नाही, एवढं नक्की.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

कमळी: ताट वाढलं नाही. दाराशी गेली नाही. सुधारणा आहे.

तिचा हात जरा कापतो. उशीवर लाळ पडते. चालताना हात हलत नाहीत, पाण्याची कळशी धरल्यासारखी चालते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं झालं तर फोन करा. त्यांना कशाला त्रास, सोमवारी भेटणारच आहोत.

संध्याकाळी मी चपला काढत होतो तेव्हा आतून आलं, "पप्पा, आलात?"

ती स्वयंपाकघरात गप्प बसलीय, तरी तो बोलतोच आहे. म्हणजे गोळी पुरत नाही. सोमवारी सांगायला हवं.


सोमवार, १० फेब्रुवारी

क्लिनिकला गेलो नाही. निघालो होतो. कमळीला साडी बदलायला वेळ लागला, मी खुर्चीत बसलो आणि मग तिथेच बसून राहिलो. फोन करून पुढच्या सोमवारची वेळ घेतली. काम फार आहे असं सांगितलं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

रामनाथ माझा सगळ्यात जुना कारागीर, जौनपूरचा. आज येऊन समोर उभा राहिला. "सेठ, तबियत ठीक है?"

"क्यों?"

"सात नंबर कब से बंद पडा है."

मी लूमच्या शेजारी उभा होतो. हातभर अंतरावर. धोटा अडकून लूम गप्प झाला होता आणि मला कळलं नव्हतं. रामनाथने पोरांना हाताने खुणावलं, ती पोरं दुसरीकडे बघायला लागली. मी म्हटलं, अरे, तुम्हा लोकांची परीक्षा घेत होतो, कोण आधी सांगतं ते. कुणी हसलं नाही. मग रामनाथ एकटा हसला, माझ्यासाठी.

पँट ढिली होते. धोब्याने ताणली असणार. पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं पाडून घेतली.

लूमच्या आवाजात दर्शन मला ऐकू येतो. धोटा इकडून तिकडे जातो त्या दोन ठोक्यांच्या मध्ये, "पप्पा". बाकीचा आवाज आता एकसारखा झालाय, त्यात काही वेगळं निघत नाही.


सोमवार, १७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कमळीचे हात धरून कोपरात वाकवून बघितले. तोंड गंभीर झालं. "महादूशेठ, तुम्ही फोन करायला हवा होता." हातांच्या कडकपणासाठी आणखी एक गोळी दिली. वजन केलं, कमळीचं उतरलंय. ती आता जेवतच नाही. समोर ठेवलं तर बघत बसते. काल घरी विचारलं, का गं जेवत नाहीस, तर म्हणाली, "त्याला वाढायला तुला न्हाय आवडत. मग मी एकटी कशी खाऊ?"

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यात काय सांगायचं.

त्यांनी विचारलं, उत्तर? मी म्हटलं, वाढलंय. आता दिवसाही येतं.

पेन टेबलावर आपटत म्हणाल्या, "मला हे जमत नाहीये. ताट बंद, बोलणं बंद, आणि आवाज वाढलाय म्हणता. हे सगळं मी तुमच्याच तोंडून ऐकतेय, ताई एक शब्द बोलत नाहीत. डोस आता वाढवणार नाही. दोन आठवड्यांत खाणं सुधारलं नाही तर ठाण्याला भरती करू, तिथे चोवीस तास बघतील. येताना यांच्या माहेरचं कुणीतरी घेऊन या."

भरती म्हटल्यावर कमळीने माझ्या शर्टाची बाही धरली. ती बाही तिने घरापर्यंत सोडली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सावळ्या आला. बहिणीला बघून उंबऱ्यावरच बसला.

"दाजी, हे काय केलंस? ही काय माझी बाय हाय? बुजगावणं उभं केलंयस."

मी म्हटलं, इलाज चालू आहे.

"कसला इलाज? ती बोलत व्हती, हसत व्हती, रडत व्हती. आता बघ. मी नेतो हिला."

"नेणार कुठे? भगताकडे? तांदळाचे दाणे मोजून तो सांगणार काय झालं ते?"

"तुझी डॉक्टरीण काय मोजते?"

"खुणा."

"मग तीबी मोजतेच ना."

एरवी मी कुणाला शेवटचा शब्द देत नाही. सावळ्या वाट बघत राहिला, मग त्यालाच कसंतरी झालं. आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, तुला काय झालंय? दारूबिरू घेतोस काय?"

"नाही."

"मग घे थोडी."

त्याला म्हटलं, तीन तारखेला डॉक्टरने माहेरचं माणूस बोलावलंय, तू ये. तिथे काय ते बोल. पण पाड्यावरचं काढू नको. म्हणाला, "मी पाड्यावरच राहतो. दुसरं कुठलं काढू?"


शनिवार, १ मार्च

कमळी: अर्धी वाटी भात.

मी: काही नाही.


सोमवार, ३ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आत आम्ही तिघे बसलो. भरतीचा कागद टेबलावर तयार होता, सहीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवलेली. डॉक्टर सावळ्याला म्हणाल्या, "तुम्ही भाऊ ना? मला फक्त एवढं सांगा, ताई आधी कशा होत्या?"

सावळ्या म्हणाला, "आधी म्हंजे परवापरवापर्यंत? चांगली व्हती. पोराचा दिवस व्हायचाय, तवर आई करते ते करत व्हती."

"काय करते आई?"

"ताट काढते. बोलते. इचारते. बाहेर उभा असतो ना तो."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

मी म्हटलं, "आम्ही आता शहरात राहतो मॅडम."

त्या खुर्ची ओढून कमळीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "ताई, दर्शन तुम्हाला उत्तर देतो का?"

कमळीने सावळ्याकडे बघितलं. "ही काय बोलते रं?"

"बोल बाय. इचारतात ते सांग."

"तुम्ही विचारता, जेवलास का. तो काही बोलतो?"

"मेलेला कसा बोलंल?" कमळीची जीभ जड झालीय, शब्द हळूहळू येत होते. "त्याला तोंड कुठं हाय? आपण इचारायचं. एकटा पडतो ना तो, म्हणून इचारायचं."

"कधीच आवाज आला नाही? एकदाही?"

"आला असता तर बरं झालं असतं."

डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचं पान काढलं. बोट ठेवून वाचलं. "महादूशेठ, तुम्ही सांगितलं होतं, तो 'हो' म्हणतो."

"म्हणतो ना."

"कुणाला ऐकू येतं ते?"

"मला."

पंख्याचा आवाज येत होता. बेअरिंग गेलंय त्याचं. मी म्हटलं, "मॅडम, माझा कान तिखट आहे. हिला ऐकू येत नसेल."

सावळ्याने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, मघाशी कमळीकडे बघत होत्या तसं. आणि कमळीने परत माझी बाही धरली.

"तुला बोलतो तो?"

"हां."

"काय बोलतो?"

"काही नाही. पप्पा म्हणतो. आलात का म्हणतो."

"माझं काय इचारतो का?"

मी जरा आठवून बघितलं. खोटं बोलायला हरकत नव्हती, आयुष्यात गिऱ्हाइकांशी इतकं बोललोय. पण आलं नाही. "नाही," म्हटलं.

तिने मान हलवली. बाही सोडली नाही.

डॉक्टरांनी भरतीचा कागद घेतला आणि मधोमध फाडला. कोरा केसपेपर काढला, त्यावर माझं नाव लिहिलं. झोप किती? भूक? वजन? लूमवर लक्ष लागतं? एकेक विचारत गेल्या. मला सगळे प्रश्न आधीच पाठ होते, पुढचा कुठला येणार तेही माहीत होतं. उत्तरं मात्र कमळीच देत गेली. मी तोंड उघडायच्या आत. पहाटंच उठून बसतो. भाकरी चिवडतो. पँट गळते. हसतो पण आत हसत न्हाय. ही बाई इतके दिवस जड डोळ्यांनी हे सगळं बघत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न आला, जगून काय करायचं असं मनात येतं का? तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "येतं. पण करत काही नाही. त्यालाही कष्ट लागतात."

विनोदाने म्हटलं होतं. डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग विचारलं, घरात औषधं कुणाकडे असतात? मी म्हटलं, माझ्याकडे. आता ताईंकडे द्या, म्हणाल्या.

मी विचारलं, मग माझ्या आजाराचं नाव काय? म्हणाल्या, "आज नाही. जवळचं माणूस गेल्यावर त्याचा आवाज कित्येकांना ऐकू येतो, तेवढ्याने कुणी वेडं होत नाही. पण बाकीचं जे ताईंनी सांगितलं ते मला सोडता येणार नाही. दर गुरुवारी यायचं. मधे काही वाटलं तर त्याच दिवशी." कमळीची गोळी त्या कमी करत बंद करणार आहेत. एकदम थांबवायची नाही.

सावळ्याने विचारलं, "आन दिवस? घालावा का न्हाय?"

"घाला ना. त्याला माझी चिठ्ठी कशाला?"

जिन्यावरून उतरताना कमळीला आधार द्यावा लागला. पाय उचलत नव्हता. ती गोळी माझ्या सांगण्यावरून तिला दिली गेली होती, दोनदा वाढवून घ्यायला निघालो होतो, एकदा वाढलीही. यावर मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. खाली मोबाईलच्या दुकानात गाणं लागलं होतं, रिक्षावाले भांडत होते, सावळ्या कल्याण नाक्याच्या गर्दीत हात वर करून रिक्षा थांबवत होता. काही आलं नाही.


गुरुवार, ६ मार्च

डॉक्टरांनी मला गोळी सुरू केली. वेगळी आहे, कमळीला होती ती नाही. असर यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा म्हणाल्या.

रोजचं लिहिणं चालू ठेवायला सांगितलंय. पण आता माझं, आणि मी नाही सांगायचं, कमळीने सांगायचं. मी म्हटलं, मॅडम, तिला लिहिता येत नाही. म्हणाल्या, तुम्हाला येतं ना? त्या सांगतील, तुम्ही लिहा. आणि जे त्या बघतील तेच.

रामनाथला म्हटलं, पंधरा-वीस दिवस लूम तू बघ. म्हणाला, "दो महीने से वही कर रहा हूँ सेठ."


मंगळवार, ११ मार्च

शिमगा झाला की पाड्यावर दिवस घालायचा ठरलाय. सावळ्या भगताला सांगून आलाय. मला काय करावं लागेल विचारलं, तर म्हणाला, "तुला काय न्हाय. बस आणि ऐक."

आता कमळी सांगते ते लिहितो. ती दाराशी बसून तांदूळ निवडतेय. हात अजून थोडा कापतो, पण खडे सापडतात.

रात्री झोपला, पहाटे उठला, पण उठून बसला नाही, पडून राहिला. चहा प्यायला. अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ठेवली. मी पोराचं ताट काढलं तर काही बोलला नाही. ताटाकडं बघत बसला. मग त्यातली सुकट सारखी केली बोटाने, मधे आणली. दाराशी जाऊन उभा राहिला. काय बोलला नाही. मी म्हटलं इचार, तर "काय विचारू" म्हणाला. मी म्हटलं काय पण इचार. तर पोराला रोज कामावर निघताना विचारायचा तेच विचारलं, "गाडीत पेट्रोल आहे का." उभा राहिला. काय ऐकलं का म्हणून मी विचारलं, तर नाही म्हणाला. मग कॉटवर येऊन बसला. रडला.

मी पेन थांबवलं. म्हटलं, मी कुठे रडलो?

तांदळातून मान वर न करता ती म्हणाली, "लिही."